मुजियोनोचा उजवा पाय

मी वार्सितो, वडिलांचे नाव कार्योदी, वय एकसष्ट, राहणार सुम्बरजाती, जिल्हा ब्लितार, बांतेंग फुटबॉल संघाचा निवृत्त बचावपटू, हे कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. मूत्रपिंडे गेली आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. हा कागद मुख्यतः माझ्या बहिणीच्या नवऱ्यासाठी, मुजियोनोसाठी आहे.

१. घर. बायको सुपार्ती, मुलगी एन्दाह आणि बहीण लास्मी यांचे वाटे धर्माने ठरवले आहेत, त्यात मी ढवळाढवळ करत नाही. जावयाने मागचा फणस तोडू नये. लग्नाच्या दिवसापासून त्याचा त्यावर डोळा आहे.

२. धर्माप्रमाणे मिळकतीचा एक तृतीयांश भाग मर्जीने देणे माझ्या हातात आहे. त्यातून पंक्चरचे दुकान, हवेच्या पंपासकट, मुजियोनोला द्यावे. तो म्हणेल, "दादा, मला कशाला?" तेव्हा त्याला चौथे कलम वाचून दाखवावे.

३. सोळा वर्षे मी एकाच संघात मधल्या बचावफळीत खेळलो. ताप असताना खेळलो, अब्बा गेले त्या आठवड्यातही खेळलो. निरोपाला क्लबने "भरवशाचा गडी" असे कोरलेली पितळी पाटी दिली. ती भंगारात घालावी. क्लबचा झेंडा माझ्या जनाज्यावर टाकू नये. अध्यक्ष आले तर चहा द्यावा, भाषण करू देऊ नये.

४. १९८८ ची उपांत्य फेरी. मुजियोनो समोरच्या संघाचा नऊ नंबर होता, आणि मध्यंतरापर्यंत त्याने आमच्यावर दोन गोल चढवले होते. आमचे प्रशिक्षक हार्सोयो सर, आता हयात नाहीत, मला बाजूला घेऊन म्हणाले, "वार्सितो, तो नऊ नंबर परत उभा राहता कामा नये."

मी म्हणालो, "हो सर."

एवढेच बोलणे झाले. आमचा गोलरक्षक पाइदी याने ते ऐकले.

मध्यंतरानंतर अकराव्या मिनिटाला चेंडू दोन हात पुढे निघून गेला होता. मला तो दिसला होता. तरी मी पाय मुजियोनोच्या उजव्या नडगीवर घातला. पंचांनी पिवळे कार्ड दाखवले. सामना संपल्यावर सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला ती थाप आवडली. हे लिहायला सगळ्यांत जड गेले.

मग दर शुक्रवारी मी लास्मीला आणि रावोनचा, म्हणजे मांसाच्या काळ्या रश्श्याचा, डबा घेऊन दवाखान्यात त्याला बघायला जात होतो. त्यातून त्यांचे लग्न जुळले. लोकांनी मला देवमाणूस ठरवले. मुजियोनो पुन्हा कधी खेळला नाही. एकतीस वर्षे तो लंगडतो आणि मुलांना सांगतो की मामाचा पाय घसरला होता. माझा पाय घसरला नव्हता. मी गप्प बसलो, कारण खरे बोललो असतो तर तो माझ्या दारात आला नसता, आणि मला तो हवा होता.

आत्ता तो बाहेर ट्यूब घासत बसला आहे. दोनदा हाक मारून झाली. "दादा, चहा गार होतोय. एवढं काय लिहिताय?"

मी सांगितले, अर्ज लिहितोय. आजही खरे सांगितले नाही.

५. दफन. आपल्याकडे जनाजा उचलण्याआधी मोदिन, म्हणजे गावचे धर्मविधी करणारे, जमलेल्यांना विचारतात, हा माणूस कसा होता, आणि सगळे एका सुरात म्हणतात, चांगला होता. हार्सोयो सरांच्या वेळी मीही मोठ्याने म्हणालो. माझ्या वेळी तसे करू नये. त्याआधी मोदिननी हा कागद मुजियोनोला घराच्या मागे एकट्याला वाचून दाखवावा. चारचौघांत वाचला तर तो भिडेखातर चांगलाच म्हणेल. मग प्रश्न विचारावा, आणि मुजियोनोच्या आधी कोणीही तोंड उघडू नये. लास्मीने त्याच्याकडे बघू नये. तो काहीच बोलला नाही तर तसेच उचलावे.

उत्तर काहीही असो, दुकान त्याचेच. त्याला वेळ लागला तर थांबावे. ऊन असले तरी थांबावे.

सही: वार्सितो
सुम्बरजाती, १४ ऑगस्ट २०१९

साक्षीदार:
१. हाजी मुन्तोहा, मोदिन. लिहिल्याप्रमाणे करीन.
२. पाइदी, निवृत्त गोलरक्षक. सरांचे शब्द मी ऐकले होते. मीही कोणाला सांगितले नाही.