सखूची जट

सेलू, चैत्र १९५४

जिजाबाई,
तुह्या धाकट्या बहिणीचा, सखूचा नमस्कार.

माही जट कापाले तू सिंदीहून आलतीस. "देवी कोपेल" म्हणून मी तुले हात लावू दिला नाई. तू रागानं गेली.

खरं सांगते, देवीचं भेव मले नव्हतंच. तापातून उठली तेव्हा केस गुतून घट्ट झालते, एवढंच. पण बाया पाया पडाले लागल्या, अन् त्या दिवसापासून सासूचा मार थांबला. सात वर्षं "वांझोटी" म्हणत होती. आता तीच दर मंगळवारी जटेले हळद-कुंकू लावते. जटेच्या भारानं मान दुखते, घरधनी जवळ याले भेतात. तरी कशी कापू देऊ?

काल सासूनं नव्या जावेवर, रुखमावर, काठी उगारली. मी जट मोकळी सोडून, अंगात देवी आल्यावानी, मधात उभी राह्यली.

"खबरदार, तिले हात लावशील तर!"

सासूले मी कधी अरेतुरे केलं नव्हतं. तिनं काठी टाकून हात जोडले. "चुकलं, माय," म्हणाली.

हे पत्र टाकत नाई. तुले वाचता येत नाई; तुहे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, ओसरीवर सर्वांले वाचून दाखवतील.

मी देवीच्या नावानं खोटं बोलली, बाई. पण रुखमा दुपारभर माह्या मांडीवर निजली, अन् मले पस्तावा होत नाई.

तुहीच,
सखू