बाबांचा संकासूर

मंगळवार, तिन्हीसांज

लॅपटॉपवरची उबुंटू सिस्टिम पुसून मिंट टाकली. आधी बॅकअप घेतला होता, नीट घेतला होता! मग पेनड्राइव्हवर बाबांच्या दशावताराचा व्हिडिओ का नाही? नुसता शॉर्टकट आलाय. मूळ फाइल डिस्कबरोबर पुसली गेली. एवढा मोठा व्हिडिओ क्षणात कॉपी झाला, तेव्हाच शंका यायला नको होती? रिकव्हरी करून पाहिली. काही नाही. पंख्याखाली बसूनही घाम येतोय.

पायांतलं बळ गेल्यापासून बाबा रोज तो व्हिडिओ लावून संकासुराच्या सोंगातलं स्वतःचं नाचणं बघतात. मघाशी खाटेवरून विचारलंच, "माझो संकासूर खंय रे? लाव मरे."

"लायट नाय, बाबा. फाल्या सकाळी बघूया."

डोक्यावर पंखा गरगरत होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "बरा."