बाजूला ठेवलेली पेन्सिल

ता. ६ फेब्रुवारी

प्रिय चिमणीस,
स. न. वि. वि.

तुझं ‘दार’ काल दुकानात पोचलं. डबा बाजूला सारून आधी पाकीट फोडलं, जेवण गार झालं ते तुझ्या खात्यावर. कपाटाचं अर्धवट उघडं दार आणि त्यातून बाहेर डोकावणारी शर्टाची बाही छानच आहे, पण माझा फोटो जास्त चांगला आहे हे तूही कबूल करशील. दार म्हणजे घराचंच असलं पाहिजे असं कुठे लिहिलंय? माझं चष्म्याच्या पेटीचं होतं.

दुकानातली नवी मुलगी विचारत होती की हातात फोन असताना या बाईला पोस्ट कशाला लागतं. मग तिला आपले नियम सांगितले. आठवड्याला एक शब्द, तो आळीपाळीने द्यायचा. फोटो प्रत्येकीचा एकच, कॅमेऱ्यानेच आणि त्याच आठवड्यात काढलेला, आणि कागदावर छापून धाडायचा. फोनवरचा फोटो माणूस अंगठ्याने ढकलून पुढे जातो, पाकिटातला निदान हातात धरून बघतो. तिने मान डोलावली, पण मला वेड्यात काढलं असावं.

दादाची खुशाली तू लिहितेस तेवढी पुरे. आम्ही बहीणभाऊ तीन वर्षं बोललो नाही, तर तू मधल्या मधे निरोप पोचवत बसू नकोस. तू आधी माझी शाळेतली मैत्रीण आणि नंतर माझी वहिनी, आणि ते लग्न मीच जमवलं होतं.

या आठवड्याचा शब्द: रिकामं.

लोभ आहे तेवढा टिकव, वाढला तर कळव.

तुझी,
शिडी


ता. १४ फेब्रुवारी

प्रिय वन्संना (चिडलीस ना?),
सा. न. वि. वि.

‘रिकामं’ सोबत आहे. आमच्या कपाटावर वर्षानुवर्षं एक बॅग पडून होती. ती उतरवली तर धुळीत तिच्याएवढा स्वच्छ चौकोन राहिला होता. तोच काढलाय.

वाचनालयातून थोडे दिवस रजा घेतली आहे. पुस्तकांच्या बांधणीचं काम तुंबलंय आणि ग्रंथपाल रोज फोन करून अमुक डिंक कुठे ठेवलाय ते विचारतात. मी नसले की त्यांना त्या खोलीतलं काहीच सापडत नाही. मी अगदी ठीक आहे, उगाच शंका काढू नकोस.

पुढचा शब्द माझा: पाणी. आणि कृपा करून चष्म्यावर पडलेला थेंब काढू नकोस, मी आत्ताच सांगून ठेवते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमणी


ता. २५ फेब्रुवारी

प्रिय चिमणीस,
स. न. वि. वि.

थेंबाचाच फोटो काढला होता, आता काय करू? तो सोबत आहे.

तुझे ‘रिकामं’ आणि मागोमाग आलेलं ‘पाणी’ दोन्ही काचेच्या काउंटरवर मांडून बसले आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरणारी बाई मी, मला इतकंही दिसणार नाही असं वाटलं तुला? तुझी उंची चार फूट दहा इंच. स्टुलावर चढलीस तरी कपाटाची कड नाकाशी येईल. हा फोटो तर सरळ वरून काढलाय. तेव्हा मी म्हटलं, असेल बाई, स्टुलावर डबा ठेवला असेल.

पण ‘पाणी’चं काय? नळाखाली बादली आहे, काठोकाठ भरली आहे, आणि शेजारी फरशीवर एक पेन्सिल ठेवली आहे. बादलीशेजारी पेन्सिल ठेवणारा या जगात एकच माणूस मला माहीत आहे. दादाने एकतीस वर्षं पूल तपासले. भेग दिसली की आधी शेजारी पेन्सिल ठेवायची आणि मग फोटो काढायचा, म्हणजे कचेरीत बसलेल्या साहेबाला भेग केवढी ते कळतं. हात इतका बसला की तुमच्या लेकीचा पहिला फोटो काढला तेव्हाही दुपट्यावर पेन्सिल होतीच. त्यावरून आपण किती हसलो होतो!

तेव्हा हे फोटो दादाने काढलेत. त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, मला काळजी तुझी लागली आहे. जीव गेला तरी तू कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देणारी नाहीस. काय झालंय ते सरळ लिही. यावेळी शब्द देत नाही.

वाट बघते.

शिडी


ता. ३ मार्च

प्रिय शिडीस,
सा. न. वि. वि.

पकडलंस. तुझ्या ‘रिकामं’पायीच ती बॅग उतरवायला स्टुलावर चढले आणि बॅगेसकट खाली आले. डावं मनगट मोडलंय, सहा आठवडे प्लास्टर. उजवा हात शाबूत आहे म्हणून पत्रं चालू आहेत, पण तो जड कॅमेरा एका हाताने धरता येत नाही.

तुला कळवलं असतं तर तू धावत आली असतीस आणि दार तुझ्या दादाने उघडलं असतं. तीन वर्षांपूर्वी त्याच दारात जे झालं ते पुन्हा बघायची माझ्यात ताकद नव्हती. खोटं बोलले, माफ कर.

प्लास्टर घालून घरी आलो तेव्हा मी तुला या आठवड्यात फोटो नाही असं लिहायला बसले होते. तर हे म्हणाले की आठवडा चुकवू नकोस, आणि स्वतःच कॅमेरा घेऊन कपाटाशी गेले. स्टूलसुद्धा लागलं नाही. ‘पाणी’साठी तर दोन दिवस घरात फिरत होते. बादलीचेच चाळीस फोटो काढले, त्यातला मी एक निवडला. पेन्सिल मलाही दिसली नाही बघ, इतक्या वर्षांची सवय झालीये. तू ओळखलंस हे वाचून दाखवलं तेव्हा यांचे कान लाल झाले आणि गच्चीत जाऊन मघाशीच पाणी घातलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घालत बसले.

तुझं नाव घेत नाहीत. पण पोस्टमनच्या वेळेला दाराशी घुटमळतात आणि तिचा शब्द आला का, असं विचारतात. तुझे सगळे जुने फोटो तारखेप्रमाणे लावून त्यांच्या टेबलाच्या खणात ठेवलेत, हे मला कालच कळलं.

शब्द तुझा आहे. जपून दे.

तुमच्या दोघांची,
चिमणी


ता. ९ मार्च

प्रिय चिमणीस,
स. न. वि. वि.

आधी तुला चार शब्द सुनावले आहेत असं समज. हात मोडून घेतेस आणि मला बादल्या पाठवतेस! प्लास्टर निघालं की बोटं हलवायचा व्यायाम रोज कर, आळस करू नकोस.

यावेळचा शब्द तुझ्यासाठी नाही. शब्द आहे: उशीर.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा कागदावर लिहिते, म्हणजे त्यालाही वाचता येईल. आई दवाखान्यात होती. जवळच्यांना बोलवून घ्या, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. मला फोन आला संध्याकाळी. मी पोचले तेव्हा आई गेलेली होती. तुमच्या दारात, सगळ्यांच्या देखत, मी त्याला म्हटलं की आजपासून मला भाऊ नाही. तो उलट बोलला असता तर मी भांडले असते, रडले असते आणि मोकळी झाले असते. तो नुसता उभा राहिला. त्या उभं राहण्याचा मला आजही राग येतो.

त्याचं पाकीट आलं नाही तर तेही उत्तर आहे असं धरीन आणि पुन्हा कधी विचारणार नाही. आपल्या दोघींचे शब्द मात्र चालूच राहतील.

हाताला जप.

शिडी


ता. १९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय नाही, अहवाल लिहायची आहे. तसंच लिहितो.

फोटो दवाखान्यातल्या बाकाचा आहे. दुसरा मजला, खिडकीशेजारी. मंगळवारी जाऊन काढला. रखवालदाराने कशासाठी म्हणून विचारलं, मी त्याला बहिणीने मागितला आहे असं सांगितलं.

डॉक्टरांनी सकाळी दहाला सांगितलं. मी या बाकावर बसलो. फोन खिशात होता. तुला लावला तेव्हा पाच वाजले होते. सात तास. तुला सांगितलं की ते खरं होईल, असं वाटत राहिलं. याहून बरं कारण तीन वर्षं शोधतो आहे, सापडलं नाही. नोकरीत भेग दिसली की त्याच दिवशी वर कळवायचो, एकदाही चुकलो नाही. घरची तेवढी कळवली नाही.

आणखी एक तुला माहीत नाही. आईने दोनदा तुझं विचारलं. निघाली आहे, येईलच, असं मी सांगितलं. तेव्हा तुला काहीच ठाऊक नव्हतं. ती त्यानंतर शांत होती.

दारात तू बोललीस त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून गप्प राहिलो.

बाकावर पेन्सिल आहे. सवयीने राहिलेली नाही, मुद्दाम ठेवली आहे. चूक केवढी ते तुला मोजता यावं.

फोटो एकच काढला.

तुझा,
दादा


ता. २४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोटो मिळाला. दुकान बंद करून मागच्या खोलीत बसले आणि पोटभर रडले. नव्या मुलीने काही न विचारता दाराची कडी लावून घेतली, समजूतदार आहे.

पट्टी घेऊन खरंच मोजलं. बाक साडेसात पेन्सिली लांब आहे. तिथे आपण दोघं मावलो असतो, दादा. तू मला सकाळी बोलावलं असतंस तर तुला एकट्याला बसावं लागलं नसतं. माझा राग आता तेवढाच उरलाय.

मी निघाले आहे असं समजून आई गेली, हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षं मी उलटंच धरून चालले होते, की मी आलेच नाही असं तिला वाटलं असेल. हे तू लिहिलंस त्याबद्दल तुला काय म्हणावं ते सुचत नाही.

चिमणीला सांग, शनिवारी मी येते आहे. बाजारहाट मी करीन, तिने नुसतं बसून हुकूम सोडावेत. पुढचा शब्द यावेळी तू दे.

बस अकराला पोचते. घ्यायला तू ये, आणि वेळेवर ये.

तुझी धाकटी