कळवतो म्हणाले होते

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (आशीर्वाद बसूनच दे, उठू नकोस.) मी ठीक आहे. जेवण जातं, झोप तेवढी कमी.

कुलुपांच्या कारखान्याच्या गोदामात कारकुनाची जागा आहे, हे लिहिलंच होतं. मुलाखत होऊन आज तेवीस दिवस झाले. साहेबांनी विचारलं, "नववीत शाळा का सोडली?" मी म्हणालो, "मी नाही, तिनंच मला सोडलं." साहेब हसले. (किती वेळ हसले ते बघायचं राहिलं, त्याची चुटपुट आहे.) उत्तरं देता देता त्यांच्या टेबलावरच्या किल्ल्या मी नंबरांप्रमाणे लावून टाकल्या, राहवलं नाही. त्या किल्ल्यांकडे बघत ते म्हणाले, "ठीक आहे, कळवतो."

आता ते 'ठीक आहे' मला होतं की किल्ल्यांना, यात एक आठवडा गेला. 'कळवतो'त दुसरा. जिना वाजला की मी दार उघडतो. घरमालकीणबाई म्हणतात, "अहो, मीच आहे! एवढ्या आशेनं माझ्याकडे आमच्या ह्यांनीसुद्धा कधी बघितलं नाही." रोज गोदामावरून फेरी मारतो. खिडकीतून ती खुर्ची दिसते, अजून रिकामी. मागे किल्ल्यांचा फळा, प्रत्येक खिळ्याखाली आकडा. आत्या, एवढी नीटनेटकी भिंत मी उभ्या जन्मात पाहिली नाही. तिथे बसावं, कुणी यावं, आणि आपण न शोधता बरोबर ती किल्ली काढून द्यावी, एवढंच मनात येत राहतं.

काल धीर करून वॉचमनला विचारलं. तो आत जाऊन आला नि म्हणाला, "उत्तर केव्हाच पोस्टानं गेलंय. हो की नाही ते त्यातच वाचा. पुन्हा येऊ नका, साहेब चिडतात."

असो. औषध वेळेवर घे.

तुझा भाचा

ता. क. आत्ता आठवलं, अर्जात पत्त्याचा एकच रकाना होता, 'कायमचा पत्ता'. मी आजवर सात खोल्या बदलल्या. कायमचं म्हणून तुझंच घर आठवलं, तेच लिहिलं.

आणखी ता. क. तुझ्या दारातली पत्रं टाकायची फट गेल्या थंडीत वारा येतो म्हणून मीच फळी ठोकून बंद केली होती. (सहा खिळे, सारख्या अंतरावर. तू कौतुक केलं होतंस.) तेव्हा पोस्टमननं पत्र कुठे खुपसलंय ते बघशील का? कुंड्यांमागे, पायपुसण्याखाली. गुडघा सांभाळून.

शेवटचा ता. क. होकार असेल तर त्याच दिवशी इकडे पाठव. नकार असेल तर पाठवू नकोस. मला नुसतं लिही, 'कळवते.'