खुर्ची, साडू आणि दोनशे बारा किलो

२ मार्च, रविवार. संध्याकाळ.
आज पुन्हा स्टूल.
सासऱ्यांच्या हॉलमध्ये खिडकीपाशी हातांची, गादीची अशी एकच खुर्ची आहे. थोरला जावई मी. एकोणीस वर्षांतली पहिली अकरा वर्षं ती माझी होती. मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि साडू त्या खुर्चीत जो रुतला तो रुतलाच. आज त्याने मोबाइल काढून सगळ्यांना दाखवलं. कुठलासा ऑनलाइन गेम, त्यात जादूगार आणि राक्षसांचं एक बेट, तिथे हा मासे धरतो. धक्क्यावरच्या फळ्यावर याच्या नावापुढे २१२ किलो. सासरे चक्क ‘वा’ म्हणाले. मला एकोणीस वर्षांत एक ‘वा’ नाही आणि खोट्या माशांना ‘वा’!
बोलून गेलो की तीन आठवड्यांत तुला मागे टाकतो. साडू हसत म्हणाला की टाकलंत तर खुर्ची तुमची, दादा. सासऱ्यांनी लगेच निकालच लावला. २३ ला त्यांचा वाढदिवस, त्या दिवशी फळा बघायचा, ज्याचं नाव वर त्याची खुर्ची. कायमची. पुन्हा कटकट नको.
याला स्टुलावर बसवला नाही तर नाव नाही लावणार.

३ मार्च. दुपारी १.१०, ऑफिस.
जेवणाच्या सुट्टीत गेम उतरवून घेतला. मी विमा कंपनीत दावे तपासतो. आज सकाळीच एका बाईंचा दावा फेटाळला, अटी न वाचता सही केली होती. लोक वाचत का नाहीत, मला खरंच कळत नाही.
गेममध्ये बुटका योद्धा झालो. नाव ठेवलं सूडनाथ. पहिल्याच पायरीला अडलो, कारण मासे धरायला काठी लागते. एखाद्या जुन्या खेळाडूला ‘उस्ताद’ मानलं की चांदीची काठी फुकट. ओळखीचा जुना खेळाडू एकच. मेसेज टाकून त्याचा कोड मागितला. दिला की गाढवाने! त्याच्याच काठीने त्याला झोडपणार. खाली बारीक अक्षरात बरंच काही होतं. ‘मान्य’ दाबलं.

४ मार्च.
गळ टाकायचा, पाण्यावरचं बूच बुडालं की बटण दाबायचं. एवढंच. आज मिळालं: बूट, शेवाळ, दुसरा बूट. दोन्ही डावे.
बूच साडूच्या टकलासारखं दिसतं, त्यामुळे बुडायच्या आधीच दाबलं जातं. हिने विचारलं की त्या अटी नीट वाचल्यात का. म्हटलं, बाई गं, अटी वाचणं हा माझा धंदा आहे.

७ मार्च. सकाळी ६.२०.
पहिला मासा! तीन डोळ्यांचा, दोन किलो. फळ्यावर माझं नाव शेवटून पहिलं. साडू २१४.
म्हणजे घाबरला. कामाला लागला.

११ मार्च.
बसायची जागा बदलली. धक्क्यावर गर्दी, एक बसक्या तोंडाचा बेडूकमाणूस सारखा मध्ये उड्या मारतो. आता पडक्या मनोऱ्याखाली बसतो. आमिष म्हणून चमकणाऱ्या अळ्या.
मी ४०. साडू २५२.

१५ मार्च, शनिवार.
मी ११८. तो ३३०.
आज मुद्दाम सकाळी दहा किलो धरून थांबलो. लगेच त्याचेही दहा वाढले. दुपारी चार धरले, त्याचेही चार. अंतर कायम २१२. हा माणूस माझ्यावर पाळत ठेवून आहे, माझ्या बरोबरीने गळ टाकतो, माझ्याइतकाच मासा ओढतो. केवढा हा द्वेष! कुठलं काम करतो हा दिवसभर?
ही म्हणाली की काहीतरी सरळ कारण असेल. हिचा ओढा पहिल्यापासून माहेराकडे.

१७ मार्च. दुपारी १.३०.
गेमवाल्यांना रीतसर तक्रार पाठवली. सात मुद्दे, तारखा, तक्ता. सदर खेळाडू लबाडी करतो, त्याला बेटावरून हाकलावं. शेवटी लिहिलं की मी स्वतः या क्षेत्रातला असल्याने मला उडवाउडवीची उत्तरं देऊ नयेत.
साहेबांनी विचारलं की एवढं मन लावून काय टाइप करतोय. म्हटलं, फसवणुकीची केस आहे.

२० मार्च.
धरला! बेटाचा आजोबा म्हणतात त्याला. मिशीला शेवाळ, पाठीवर पडकं देऊळ, १९० किलो. ऑफिसच्या बाथरूममध्ये धरला. चाळीस मिनिटं झुंजलो, बाहेर लोक दार वाजवत होते. आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता, लग्नातसुद्धा नाही.
मी ३४०. फळा बघितला. साडू ५५२.
जेवलो नाही.

२२ मार्च, शनिवार.
उत्तर आलं. उस्ताद मानल्यावर शिष्याने धरलेला प्रत्येक मासा उस्तादाच्याही नावावर चढतो. पुढे लिहिलंय: ‘सदर अटी आपण वाचून मान्य केल्या आहेत, सबब आपला दावा ग्राह्य धरता येत नाही.’ वाक्य ओळखीचं वाटलं. माझंच आहे. रोज लिहितो.
म्हणजे तीन आठवडे मी त्याची हमाली केली! अंग नुसतं पेटलं. पत्राखाली ‘उस्ताद सोडा’ असं लाल बटण होतं. ही स्वयंपाकघरातून ओरडली की थांबा, आधी वाचा. वाचत बसायची ही वेळ आहे? दाबलं.
उस्ताद सोडला की शिष्याचं सगळं वजन शून्य होतं. उस्तादाचं तसंच राहतं. हे बटणाच्या खाली लिहिलं होतं.

२३ मार्च, रविवार.
वाढदिवस. दार साडूनेच उघडलं. उजवा हात प्लॅस्टरमध्ये. ३ तारखेलाच संध्याकाळी जिन्यावरून पडला, म्हणे. तेव्हापासून गेम उघडलेलाच नाही.
सासऱ्यांनी सगळ्यांसमोर फळा बघितला. साडू ५५२, पहिला. सूडनाथ शून्य, बुटांसकट.
साडू उठला. म्हणाला की दादा, मासे सगळे तुमचेच आहेत, तुम्हीच बसा. तोंडावर जराही हसू नव्हतं, हेच सहन झालं नाही. नको म्हणायचं ठरवलं होतं, पण पाय खुर्चीकडे वळले. दोन पावलं गेलोही.
तेवढ्यात सासरे म्हणाले की राहू दे रे, हात मोडलाय तुझा, बस तू. त्याला स्टुलाची सवय आहे.
स्टूल तसं पाठीला चांगलं असतं.