कॅमेरा बांधलेला आग्वायो

आई,

मक्याची आपी पातेल्यात आहे, गरम करून पी. पाव फडक्याखाली झाकलाय.

मी बाप्तिस्म्याचे फोटो काढायला व्याचा गावाला निघालेय. कॅमेऱ्याची नवी पाठपिशवी खाटेखाली आहे. दुकानात एवढा वेळ घालवून, कप्पे उघडून बघून मी ती निवडली, आणि तू एका नजरेत म्हणालीस, "ही तर चोराला दोन गल्ल्यांवरून हाक मारील." म्हणून काल लग्नात कॅमेरा आणि लेन्स तूच तुझ्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात, आग्वायोत, गुंडाळून पाठीवर घेतलेस. पाठीवर बटाटे नेणाऱ्या बाईकडे कोण बघतंय, म्हणालीस.

नवऱ्या मुलाच्या आईने विचारलं, "ही कोण?" मी म्हणाले, "सामान उचलायला आणलीय." तू ऐकलंस. तुझं ताट मागच्या अंगणात हमालांबरोबर वाढलं, तेव्हाही मी फोटोच काढत राहिले. परत येताना मिनीबसमध्ये तू एवढंच विचारलंस, कॅमेऱ्याला धक्का नाही ना लागला गं.

तुला तोंड दाखवायची लाज वाटतेय, म्हणून तू उठायच्या आत निघाले.

आग्वायो तुला न विचारता नेतेय. गाठ तुझ्यासारखी बसत नाही, हाताने धरूनच चालावं लागेल. जेवणाच्या वेळेला ये, सणाची टोपी घालून. बाप्तिस्म्याच्या घरी मी दोन खुर्च्या मांडायला सांगितल्यात, शेजारी शेजारी. ही कोण, असं कोणी विचारलं नाही तरी मी सांगणार आहे.

मार्लेनी