सहा तारा, सातवं बोलणं

१२ नोव्हेंबर १९५६
नागपूरहून बुऱ्हाणपूरला आले. राज्य नवं, कागद आता भोपाळला. केळी मात्र झकास. इथल्या लालबाग भागातल्या लहानशा टेलिफोन एक्स्चेंजची मी सुपरवायझर. बाहेरगावच्या तारा सहाच. एका वेळी किती बोलणी चालतात ते मोजून कळवायचं, तरच सातवी तार मिळेल. बोर्डावर मंगला आणि कोकिळा. कोकिळाने विचारलं, बी.ए. होऊन हेच मोजायला आलात का बाई? म्हटलं, तुमच्या गप्पाही मोजणार आहे.

१४ नोव्हेंबर
रीत सोपी. प्रत्येक बोलण्याच्या चिठ्ठीवर मिनिटं असतात. तासाभराच्या मिनिटांची बेरीज करून साठने भागायची. उत्तर सहाच्या वर जाऊच शकत नाही. आज दहा ते अकराची बेरीज चारशेवीस आली. म्हणजे सात. तीनदा तपासली.

१५ नोव्हेंबर
पुन्हा सात. एक चिठ्ठी पुऱ्या साठ मिनिटांची, मंगलाच्या अक्षरात. तारेचा रकाना कोरा. तिला फैलावर घेतलं. म्हणाली, इथले कापूसवाले भाव पटेपर्यंत गप्प राहतात, म्हणून शांत लाइन आपण तोडत नाही. मंगळवारी एक लाइन फारच शांत होती. तिने विचारलं, बोलणं झालं का जी? उत्तर आलं, अजून सुरू कुठे झालंय. तिने वायर काढली. तरी बोलणं रोज दहाला ऐकू येतच राहिलं, म्हणून तिने त्याचीही चिठ्ठी केली.

१७ नोव्हेंबर
दहा वाजता मंगला ताठ झाली. तिच्या एका तोंडातून दोघं बोलत होते, तासभर. नंतर तिला शब्द फुटेना. तार कमी पडली म्हणून त्यांनी पोर वापरायला घेतली. कोकिळा म्हणते, डोईफोडिया गावचा भगत बोलवू. मी म्हटलं, आधी मला बघू दे.

१९ नोव्हेंबर
मंगलाला घरी ठेवलं. तिथेही दहालाच सुरू. थुंकीत रक्त. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आवाज कायमचा जाईल. जाऊ देणार नाही.

२० नोव्हेंबर. दहा वाजता
सगळ्या वायरी उपटल्या. मंगलाला शेजारी बसवलं, तिचा हेडफोन मी चढवला. बजावलं, ही मुलगी कुणाची तार नाही. हिंमत असेल तर माझ्यातून बोला.

१०.१२
तिचे ओठ थांबले.

१०.२०
पाणी मागतेय. स्वतःच्या आवाजात. कोकिळाला सांगितलं, हिला घेऊन जा, दार लाव—

१०.३१
घसा त्यांचा झाला. बोलणारे दोघं होते, आता तिघं. हात अजून माझा आहे. लिहीत राहीन, हात देणार नाही. बोटं गार पडत— पडू देत. देणार ना—